बिनगव्हाची बेकरी आणि आपली ज्वारी

— ऊसविकास अधिकारी



ऊसविकास विभागाच्या या पानावर नेहमी बेणे, खते, खोडवा आणि हुमणी हेच विषय येतात. या वेळी विषय ज्वारीचा आणि बेकरीचा आहे. काहींना नवल वाटेल. पण पिंगळी गटात शेतभेटीला गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, ज्वारीच्या बिस्किटाला अन् ब्रेडला शहरात लई मागणी हाय म्हणतेत, खरं का?" बचत गटाच्या भगिनीही हेच विचारतात.

मागणी खरी आहे. पुणे-मुंबईच्या दुकानांत आणि कॅफेंत, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या खाणावळींत "ग्लुटेन फ्री" अशा पाट्या दिसतात आणि ताजा माल मिळाला तर तो खपतो. मात्र ही मागणी पुरी करायची तर ज्वारी पिकवणे सोपे, ज्वारीत गहू मिसळू न देणे अवघड. हे नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही भट्टी विकत घेऊ नये, म्हणून हा लेख.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धरून चोळत राहा. पांढरे पिठूळ पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. ते गव्हातले प्रथिन आहे. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. पोळी लाटताना ताणली जाते आणि पाव फुगतो तो यामुळेच. खमिराने तयार झालेली हवा ग्लुटेनच्या जाळीत अडकते, म्हणून पावाला जाळी पडते.

ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, वरई, राजगिरा यांत हे ग्लुटेन नसते. म्हणून तर ज्वारीची पोळी होत नाही, भाकरी थापावी लागते. आपल्या आया-बहिणींना ग्लुटेन हे नाव ठाऊक नव्हते, पण त्यावरचा इलाज ठाऊक होता. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली, भाकरीला चिरा पडायला लागल्या, की काठवटीत आधणाचे पाणी ओतून पीठ मळायचे. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. आज बिनग्लुटेनचा ब्रेड करणारे लोक याच तत्त्वावर काम करतात.

ज्यांना गहू चालत नाही

असा ब्रेड मागणारे गिऱ्हाईक तीन प्रकारचे असते.

पहिले म्हणजे सीलिॲक या रोगाचे रुग्ण. यांच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा उलटते आणि लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा करते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या माणसात कधी नुसताच रक्तक्षय असतो आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही तो हटत नाही. यावर आजवर एकच उपाय आहे: गहू आणि जव जन्मभर बंद. थोडेसे खाल्ले तरी चालेल, अशी सूट यात नाही.

या रोगाचे मूळ गव्हात आहे हे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे, हॉलंडमध्ये अन्नाची भयंकर टंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. त्या दिवसांत या रोगाची मुले सुधारू लागली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला.

आपल्या देशात दिल्लीच्या परिसरात झालेल्या पाहणीत शंभरात सुमारे एकाला हा रोग आढळला. पुढे निरनिराळ्या भागांत पाहणी झाली तेव्हा उत्तरेत शंभरात एकाहून थोडे जास्त, तर तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेत हजारात एक असे प्रमाण निघाले. आपल्याकडेही पूर्वी पोळी सणावाराला असे. आता ती रोजची झाली आणि सकाळच्या चहाबरोबर खारी-टोस्ट आले.

येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. घरात एखादे मूल अशा लक्षणांनी बेजार असेल, तर स्वतःच्या मनाने पोळी बंद करून बसू नये. आधी डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी करावी. गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. गहू आधीच बंद केला तर या तपासण्यांत रोग सापडत नाही.

दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे किंवा गहू खाल्ल्यावर पोट बिघडते असे लोक. तिसरे म्हणजे प्रकृतीसाठी, वजनासाठी किंवा नवी चव म्हणून ज्वारी-नाचणीकडे वळलेले. शहरात संख्येने हे तिसरे गिऱ्हाईक जास्त दिसते. ते आज येईल, उद्या दुसरीकडे जाईल. पहिले गिऱ्हाईक मात्र कायमचे असते. एकदा विश्वास बसला की ते वर्षानुवर्षे तुमच्याकडूनच घेते. आणि एकदा तुमच्या बिस्किटाने त्याचे मूल आजारी पडले, तर ते पुन्हा तुमच्या दारात येत नाही आणि दुसऱ्यालाही येऊ देत नाही.

ताज्या मालाची टंचाई का?

घरी भाकरी आहे, मग या लोकांना बेकरी कशाला हवी, असे कोणी म्हणेल. पण शाळेच्या डब्यात, प्रवासात, वाढदिवसाला, पाहुण्यांच्या चहाला काय द्यायचे? सगळी मुले केक खात असताना एकाच मुलाने बाजूला बसायचे, हे त्या आईला किती लागत असेल याचा विचार करावा.

बाजारात मिळतो तो बराचसा पाकिटबंद किंवा गोठवलेला माल. याला कारण आहे. बिनग्लुटेनचा ब्रेड सकाळी मऊ असतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा होतो. त्याला गव्हाच्या पावासारखा टिकाव नाही. म्हणून ताजा माल जवळच तयार झाला पाहिजे आणि रोज थोडा थोडा पोचला पाहिजे.

हे काम मोठ्या बेकरीने का करू नये? करावेसे वाटले तरी तिला ते जड जाते. ज्या खोलीत दिवसभर मैदा चाळला जातो तेथे मैद्याची धूळ हवेत तरंगत राहते आणि टेबलावर, पत्र्यावर, कपड्यांवर बसते. अशा ठिकाणी ज्वारीचा पाव भाजला तरी तो बिनगव्हाचा राहत नाही. त्यासाठी जागा निराळी, भट्टी निराळी, माणसे निराळी लागतात.

नेमकी येथेच आपल्या खेड्यातल्या लहान गटाला जागा आहे. ज्या घरात मैद्याचे पोते कधी आलेच नाही ते घर या धंद्याला मोठ्या बेकरीपेक्षा सोयीचे. पिंगळीहून परभणी हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी भाजलेला माल दुपारच्या आत दुकानात पोचू शकतो. पुढे धंदा बसला तर परभणीहून छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही बाजूंना रेल्वे आहेच. पण सुरुवात परभणीच्या बाजारापासून करावी. मुंबईची स्वप्ने पहिल्या वर्षी पाहू नयेत.

ज्वारी आपल्या घरची

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असे आपण हसत म्हणतो. ज्वारीच्या बाबतीत मात्र परभणीचे नाव खरोखर मोठे आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. या विद्यापीठाच्या ज्वार संशोधन केंद्राने परभणी ज्योती, परभणी मोती, परभणी सुपर मोती असे रब्बीचे वाण दिले. २०१८ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर परभणी शक्ती हा वाण आला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी तर आपल्या आजोबांपासून ओळखीची.

आणि तरीही ज्वारीचे रान आटत गेले. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात सुमारे ६० लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती निम्म्याहूनही खूप खाली आली आहे. पाणी आले तिथे ऊस आला, कोरडवाहूत सोयाबीन आले. काढणीला माणूस मिळेना, पाखरे राखायला पोरे मिळेनात. सभासदांनी ज्वारी सोडली यात त्यांचा दोष नाही. पीक परवडेना म्हणून ती गेली.

जुन्या सभासदांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. तेव्हा अमेरिकेहून तांबूस मिलो आली आणि रेशनवर वाटली गेली. मिलो म्हणजे तिकडची ज्वारीच. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, म्हणून आपल्या लोकांनी नाक मुरडत का होईना, तिच्या भाकरी खाल्ल्या. आज त्याच अमेरिकेत पांढऱ्या ज्वारीचे पीठ सीलिॲकच्या रुग्णांसाठी पाकिटात विकले जाते. इटलीतील डॉक्टरांनी २००७ साली ज्वारीचे पदार्थ अशा रुग्णांना खायला देऊन पाहिले आणि ते त्यांना सोसले असे नोंदविले. इटलीत सरकारच या रुग्णांना बिनग्लुटेनच्या अन्नासाठी दरमहा ठरावीक रक्कम देते. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. म्हणजे जग आपल्या भाकरीकडे वळले आणि आपण खारी-टोस्टकडे.

भट्टीतली अडचण आणि उपाय

ज्वारीच्या पिठाचा गोळा गव्हासारखा मळून पाव होणार नाही. तसा प्रयत्न केला तर वीट तयार होते. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

दाणा रब्बीचा घ्यावा. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते, तिला बुरशी लागते. तिचा रंग आणि वास दोन्ही मालात उतरतात. पीठ बारीक दळून चाळावे आणि आठवड्यापुरतेच दळावे.

सुरुवात नानकटाईने करावी. नानकटाईला फुगवटा लागत नाही, खुसखुशीतपणा लागतो, त्यामुळे ग्लुटेन नसणे तिला उलट मानवते. एक किलो पीठ मंद आचेवर हलके भाजून गार करावे. अर्धा किलो तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर हाताने फेटून पांढरी करावी. त्यात पीठ, थोडी बेकिंग पावडर आणि वेलदोडा घालावा. गोळा फुटत असेल तर दुधाचा हात लावावा. अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे पीठ ओलावा ओढून घेते आणि दाताखाली कचकच लागत नाही. मग गोळे करून १६० ते १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजावे. ही नानकटाई हवाबंद डब्यात टिकते, त्यामुळे विकायला थोडी उसंत मिळते.

ब्रेड ही पुढची पायरी. त्यात ज्वारीच्या पिठाबरोबर तांदळाचे पीठ आणि साबुदाण्याचे किंवा बटाट्याचे स्टार्च मिसळतात. ग्लुटेनची जागा भरून काढायला इसबगोल वापरतात. इसबगोल पाण्यात भिजले की त्याचा चिकट गर होतो आणि तो हवा धरून ठेवतो. एक किलो मिश्र पिठाला ३० ते ४० ग्रॅम इसबगोल पुरते. पीठ मळायचे नसते. खमीर, मीठ, थोडी साखर, तेल आणि भरपूर पाणी घालून भज्याच्या पिठाहून घट्ट असे सैल करायचे, डब्यात ओतायचे, फुगू द्यायचे आणि भाजायचे. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये, आत चिकट निघतो.

साखरेचेही येथे काम आहे. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती ओलावा धरून ठेवते, म्हणून बिनग्लुटेनचा केक ब्रेडपेक्षा जास्त वेळ मऊ राहतो. उसापासून होणाऱ्या साखरेत आणि गुळात ग्लुटेन नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बिनगव्हाचे बिस्किट म्हणजे मधुमेहाचे औषध नव्हे. तूप आणि साखर त्यात असतेच. तसे सांगून माल विकू नये.

हे शिकायला लांब जाण्याची गरज नाही. परभणीच्या विद्यापीठातच अन्नतंत्र महाविद्यालय आहे, सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. हैदराबादच्या भारतीय मिलेट संशोधन संस्थेनेही ज्वारीची बिस्किटे, रवा, शेवया असे पदार्थ तयार केले आहेत.

खरी मेख गिरणीत आहे

आता लेखाचा मुख्य भाग. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे आणि आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमाप्रमाणेही, ज्या मालावर "ग्लुटेन फ्री" लिहायचे त्यात एका किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये.

हा आकडा किती लहान आहे ते पाहा. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरले, तर २० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे ०.२ ग्रॅम गव्हाचे पीठ. एका किलोला चिमूटभरही नाही. एका क्विंटल ज्वारीच्या पिठात २० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे गव्हाचे पीठ गेले, की तो सगळा क्विंटल "ग्लुटेन फ्री" म्हणून विकण्याच्या कामातून गेला.

गावच्या गिरणीत काय होते ते आपल्या भगिनींना सांगायला नको. डबा ठेवताना त्या आधी विचारतात, "कशावर टाकता? गव्हावर का ज्वारीवर?" कारण आधीचे पीठ जात्याच्या पाळीत आणि तोंडाच्या कापडात अडकलेले असते आणि ते पुढच्या दळणात उतरते. भाकरी नीट व्हावी म्हणून त्या विचारतात. रुग्णाच्या दृष्टीने तोच प्रश्न त्याच्या आतड्याचा आहे. भाजल्याने किंवा उकळल्याने ग्लुटेन जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून शेतापासून दुकानापर्यंत पुढील काळजी लागते.

१. ज्या रानात आदल्या वर्षी गहू होता तेथे या कामाची ज्वारी घेऊ नये. गव्हाचे पडीक दाणे उगवतात.

२. मळणीयंत्र गव्हावरून थेट ज्वारीवर आणू नये. ते झाडून, हवा मारून, पहिले दोन-तीन पोती धान्य घरी खायला वेगळे काढावे.

३. पोती नवी वापरावीत. गव्हाचे बारदान झटकून चालत नाही.

४. दळण गावच्या गिरणीत करू नये. गटाने स्वतंत्र घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणाही टाकू नये. सणावाराला कोणी डबा घेऊन आले तरी नाही म्हणावे.

५. चाळणी, परात, पत्रे, साचे सगळे वेगळे असावेत. काम करणाऱ्या भगिनींनी घरी कणीक मळून त्याच कपड्यांनी येऊ नये. जेवणाचा डबा कामाच्या खोलीत उघडू नये.

६. विकतच्या जिनसांची पाकिटे वाचावीत. बांधणीच्या हिंगात मैदा असतो. काही बेकिंग पावडरींत गव्हाचे स्टार्च असते. माल्ट म्हटले की जव आले. आपल्या धपाट्यांतही पुष्कळ घरी मूठभर कणीक असते, ती येथे चालणार नाही.

७. दुकानात खारीच्या शेजारी उघडी नानकटाई ठेवू नये. एकाच चिमट्याने दोन्ही उचलले की सगळे कष्ट वाया. माल कारखान्याच्या साखरेच्या पोत्यासारखा शिवबंद द्यावा.

८. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी आणि तो कागद असल्याशिवाय "ग्लुटेन फ्री" हे शब्द छापू नयेत.

यातली एकही गोष्ट जमणार नसेल तर काही बिघडत नाही. मालावर सरळ "ज्वारीची नानकटाई", "ज्वारीची भाकरी" एवढेच लिहावे. चवीसाठी घेणारे गिऱ्हाईक ते आनंदाने घेते. सोलापूरची कडक भाकरी अशीच नावाजली. मात्र बाजारात पुष्कळदा पाकिटावर ज्वारीचे कणीस असते आणि आत निम्मा मैदा असतो, त्या वाटेला आपण जाऊ नये.

हिशेब

"मग साहेब, ऊस मोडून ज्वारी करावी का?" नाही. तसे कोणी समजू नये.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला उसाचा रास्त व किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये ठरविला. एकरी ३० टन धरले तर ढोबळ १,०६,५०० रुपये होतात, त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. त्याच वर्षी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता. बागायती रब्बी ज्वारी एकरी १० क्विंटल आली तरी ३७,४९० रुपये, वर कडबा. नुसते धान्य विकून ज्वारी उसाच्या जवळ येत नाही. मात्र ती चार महिन्यांत रान मोकळे करते आणि तीन-चार पाण्यांवर येते. उसाला पंचवीस-तीस पाळ्या लागतात. कालव्याचे आवर्तन लांबले की काय होते ते आपण जाणतोच.

आता भाकरीचा हिशेब. एका क्विंटलात साधारण हजार भाकरी होतात. भाकरीला उदाहरणादाखल दहा रुपये धरले तर दहा हजार रुपये. त्यातून धान्याचे ३,७४९ वजा जाता सुमारे सव्वासहा हजार उरतात. दळण, सरपण किंवा गॅस, बांधणी, दुकानदाराचे कमिशन हे त्यातूनच. एक बाई तासाला तीस-चाळीस भाकरी थापते असे धरले, तर हजार भाकरींना पंचवीस ते तेहतीस तासांचे काम लागते. या तासांची मजुरी आधी बाजूला काढावी आणि मग नफा म्हणावे. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरून काढलेला नफा हा नफा नव्हे.

भांडवलाच्या बाबतीत, २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरले. पण अनुदानासाठी यंत्र घेऊ नये. आधी घरच्या लहान भट्टीवर दोन-तीन महिने माल विकून पाहावा. गिऱ्हाईक ठरले की मग यंत्र.

रानात कसे बसवावे?

खोडव्यावर खोडवा ठेवून रान थकते हे आम्ही दरवर्षी सांगतो. अशा रानाला फेरपालट हवीच असते. जानेवारी-फेब्रुवारीत खोडवा तुटला की तो मोडून उन्हाळ्यात रान तापू द्यावे. पावसाळ्यात मूग किंवा सोयाबीन घ्यावे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात रब्बी ज्वारी पेरावी. एकरी चार किलो बियाणे, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकच पाणी असेल तर ते पोटरीत असताना, दोन असतील तर दुसरे फुलोऱ्यात द्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते. पुढे जूनमध्ये ताग गाडून ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर्वहंगामी लागण करावी. नव्या उसाला सुपीक रान मिळते, घरात वर्षाची ज्वारी येते आणि दावणीला कडबा.

एका गटाच्या भट्टीला सुरुवातीस अर्धा-एक एकराची ज्वारी पुरून उरते. म्हणून प्रत्येकाने पेरण्याची घाई नको. एका वस्तीवर दोन-तीन सभासदांनी मिळून एकच वाण घ्यावा, एकाच वेळी मळावा आणि वेगळा साठवावा. एकत्र येऊन काम करण्याची सवय आपल्याला कारखान्याने लावलीच आहे.

ज्या सभासदांचे रान यंदा फेरपालटीला निघणार आहे आणि ज्यांच्या घरच्या भगिनी या कामाला तयार आहेत, त्यांनी पिंगळी गट कार्यालयात स्लिपबॉयकडे नाव द्यावे. पेरणीपूर्वी बियाणे, वाण आणि रानाची निवड याबाबत विभागातर्फे बांधावर येऊन मार्गदर्शन केले जाईल. घरघंटी घेण्यापूर्वी ती कोणाच्या घरी बसणार आणि तिच्यात गहू टाकायला कोण नाही म्हणणार, एवढे दोन प्रश्न गटाने आपसात सोडवून यावेत.